पायरीवरचं पाणी

आमच्या लंडनमधल्या, स्टॅनमोरच्या घराला पुढच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत, लाल टाइलच्या. घर घेतल्यापासून मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. पार्सलवाला तिथे खोकी ठेवून जातो, पानगळीत पानं साचतात, एखादा कोल्हा कचऱ्यातलं हाडूक आणून टाकतो, एवढीच त्यांची ओळख. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आई सहा महिन्यांसाठी आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला मला खालून पाण्याचा आवाज आला. बॉयलर फुटला असं समजून मी धडपडत जिना उतरले. पुढचं दार सताड उघडं होतं. आई स्वयंपाकघरातून बादली भरून आणून पायऱ्या धूत होती. हातात खराटा. तो तिने पनवेलहून लोणच्याच्या बाटल्यांना टेकवून बॅगेत घालून आणला होता.

"आई, इथे असं कुणी करत नाही," मी म्हणाले.

"म्हणूनच एवढ्या मळल्यात," ती म्हणाली आणि दुसरी बादली आणायला गेली.

सडा-रांगोळीशी आईला काही देणंघेणं नाही. ती फक्त दार धुते. यामागची गोष्ट तिने मला आयुष्यात एकदाच सांगितली, मी आठ-नऊ वर्षांची असताना नळ सोडून दात घासत उभी होते तेव्हा. तिच्या लहानपणी गावातल्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही. ती आणि आजी घडे घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून घड्यात पाणी ओतायचं. नाही आली तर दुपार व्हायची. हे सांगताना आईचा आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. वर्गात पाढे सांगावेत तसं सांगितलं आणि माझा नळ बंद केला. पुढे ती शिक्षिका झाली, पनवेलला खोली मिळाली, खोलीत तिचा स्वतःचा नळ आला. त्या दिवसापासून रोज सकाळी ती आपल्या दारात दोन बादल्या पाणी ओतते, कुणाची परवानगी न घेता. एरवी ती पाण्याचा थेंब वाया घालवत नाही. या दोन बादल्या मात्र हिशेबाबाहेरच्या.

तेव्हा मी तिला कशी थांबवणार?

नोव्हेंबरच्या शेवटी थंडी पडली. तो रविवार होता. मुलगी घरी आली होती. ती फिजिओथेरपी शिकते, त्यामुळे कोण कसं उभं राहतं, कसं बसतं यावर तिचं सतत लक्ष असतं. मागच्या अंगणात रात्रभर राहिलेल्या बादलीतलं पाणी वरून गोठलं होतं. आईने बोटाने ठोकून पाहिलं. मग दोन्ही हातांनी कडा सोडवून तिने ती गोल चकती अलगद उचलली आणि उजेडात धरली. आत एक पान अडकलं होतं, देठासकट, आणि बारीक बुडबुड्यांची एक ओळ होती. आई त्यातून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला वाकडातिकडा दिसत होता, पण तिचं तोंड उघडं राहिलेलं मला कळत होतं. शहात्तर वर्षांची बाई.

"पाणी आहे हे," ती म्हणाली. "हातात धरता येतंय बघ."

बोटं लाल होईपर्यंत तिने ते धरून ठेवलं. मी इथे वीस हिवाळे काढले, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना शिव्या घातल्या, पण अशी चकती कधी हातात घेऊन पाहिली नव्हती. त्या दिवशी आईनंतर मी घेतली. जड होती. आणि इतकी स्वच्छ की खालची माझी बोटं दिसत होती.

मुलीला मात्र आजीच्या हाडांची काळजी पडलेली. "आजी, लिसन. पाय फ्लॅट ठेवायची. स्मॉल स्टेप्स घ्यायचा. हात पॉकेटमध्ये नाही घालायचं, ओके? बॉडी थोडी फॉरवर्ड. पेंग्विन बघितलीस ना? तसा चाल."

आईने ऐकून घेतलं, साडीचा घोळ वर खोचला, आणि पांढऱ्या पडलेल्या हिरवळीवरून कुंपणापर्यंत चालत गेली. पाऊल सपाट पडत होतं, वजन आधी पुढच्या पायावर जात होतं आणि मगच मागचा पाय उचलला जात होता. घाई नाही, हेलकावा नाही. परतताना तर तिने खाली पाहिलंही नाही.

"आजी, यू आर बेटर दॅन माय ट्यूटर!"

"भाताच्या आवणीच्या दिवसांत डोक्यावर रोपांचा भारा घेऊन बांधावरून चालायचे मी," आई म्हणाली. "दोन्हीकडे चिखल. तुझ्या त्या पेंग्विनाला म्हणावं, तसं चालून दाखव."

त्या दिवशी पायऱ्या तिने उशिरा, ऊन आल्यावर धुतल्या, त्यामुळे काही झालं नाही. सोमवारी रात्री मी फोनवर हवामान पाहिलं. पहाटे उणे चार. जिन्यात उभी राहून मी विचार केला, आत्ता आईला सांगावं की उद्या पाणी टाकू नकोस. तिच्या खोलीत दिवा चालू होता. दाराशी गेले, आणि मला त्या चकतीमागचा तिचा चेहरा आठवला. जिच्या पाण्यावर लहानपणी दुसऱ्यांची सत्ता होती तिला तिच्या लेकीने, तिच्याच लेकीच्या दारात सांगायचं की पाणी ओतायचं नाही? मी परत फिरले. सांगायचं राहून गेलं असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण राहून गेलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

मंगळवारी माझा ब्रॅकनेलच्या ऑफिसचा दिवस. पावणेसातला मी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून दार उघडलं. आई पायऱ्या धुऊन आंघोळीला गेली होती. टाइल नुसत्या ओल्या दिसत होत्या, नेहमीसारख्या लाल आणि लख्ख. बर्फ म्हटलं की आपल्याला पांढरं काहीतरी हवं असतं. इथे पांढरं काही नव्हतंच.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पाय माझा राहिला नाही. पडताना माणूस काहीतरी विचार करत असेल असं मला वाटायचं. मी केला नाही. एवढंच आठवतं की आकाश एकदम समोर आलं. ते निळं होत होतं, आणि झाडाच्या शेंड्याजवळ एक चांदणी अजून होती. इतकी सुंदर पहाट मी त्या वर्षात पाहिली नव्हती. मग उजव्या मनगटातून कळ आली आणि मला कळलं की मी जमिनीवर आहे.

शेजारच्या बाई तेव्हा बाहेर होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात, मूळच्या उत्तर इंग्लंडच्या. त्या आपल्या वाटेवर खोऱ्याने जाडं तपकिरी मीठ पसरत होत्या. माझ्याकडे त्या जराही न घसरता आल्या. जवळ आल्यावर दिसलं, त्यांनी बुटांवरून लोकरीचे मोजे चढवले होते. बुटांच्या आत नाही, बाहेरून. त्या मनगटाच्या वेदनेतही मला त्याचं आश्चर्य वाटलं.

त्यांनी माझं मनगट पाहिलं, मग पायरी पाहिली. "ही धुतलीय कुणी?"

"माझ्या आईने," मी म्हणाले. "प्लीज, तिला सांगू नका."

त्यांनी पायरीवर मोज्याचं पाऊल टेकवून पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी आईपण रोज पायरी घासायची. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका. पण थंडी कडक असली की नाही." त्यांनी आमच्या दोन्ही पायऱ्यांवर मीठ टाकलं, मला हळूहळू उठवलं, आपल्या गाडीत बसवलं आणि हॉस्पिटलला नेलं. वाटेत मी आईला फोन केला. नवरा त्या महिन्यात कामासाठी एडिनबराला होता, त्यामुळे घरात ती एकटीच होती.

"आई, घाबरू नकोस. स्टेशनच्या कोपऱ्यावर पाय घसरला. शेजारच्या बाई भेटल्या म्हणून बरं झालं."

"कोपऱ्यावर?" आई म्हणाली.

"हो, कोपऱ्यावर."

ती म्हणाली, "बरं. पोटात काही घालून घे."

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं. माझ्या काळ्या कोटाचं तिसरं बटण कुठेतरी तुटून पडलं होतं. हॉस्पिटलात पडलं असेल म्हणून मी सोडून दिलं. आता मला भीती होती ती दुसऱ्या दिवशी सकाळची. पहाटे पाचला उठून, स्वयंपाकघरातला मिठाचा डबा पायऱ्यांवर रिकामा करायचा असं ठरवून मी खाली उतरले. आई आधीच उठलेली. खुर्चीत बसून चहा पीत होती. बादली कोपऱ्यात पालथी.

"गुडघ्यांत थंडी शिरलीय," ती म्हणाली. "काही दिवस पाणीबिणी नको."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं पचलं, वर आईचे गुडघेही मदतीला धावून आले. आयटीत इतकी वर्षं काढून माझी अक्कल तेवढीच.

पुढच्या दहा दिवसांत तिने एकदाही पाणी ओतलं नाही. सकाळी मला जाग यायची आणि घर शांत असायचं. ती शांतता मला सहन होईना. आई खिडकीशी बसून पायऱ्यांकडे बघायची. गुडघ्यांच्या दुखण्याने तिचा पाय वाचवला होता की तिची सकाळ हिरावून घेतली होती, मला कळत नव्हतं.

आणि सहा डिसेंबर आला. अठराव्या वर्षापासून आईने मुंबईची सहा डिसेंबरची रांग एकदाही चुकवली नव्हती. तासन्‌तास उभी राहायची, माझा जन्म व्हायचा होता त्या वर्षीही. इथे येताना तिने एकच अट घातली होती, की त्या दिवशी कुठे तरी अभिवादनाला नेशील. एजवेअरच्या एका हॉलमध्ये आपल्या लोकांचा कार्यक्रम असतो. पण रात्री पाऊस पडून पहाटे सगळं गोठलं होतं. मला गाडी चालवता येत नव्हती. आमच्या चढावर यायला एकही टॅक्सी तयार होईना. बसस्टॉप उताराच्या तळाशी, मीठ टाकलेल्या मोठ्या रस्त्यावर, एरवी दहा मिनिटांचा.

"आई, ऑनलाइन दाखवतात. घरातून बघू," मी म्हणाले. शहात्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, हे मला मुलीने नको तितकं तपशीलवार सांगितलेलं होतं.

आई पांढरी साडी नेसून तयार होती. "मी जाते. तुला भीती वाटत असेल तर तू घरी थांब."

तिने माझा काळा कोट खुंटीवरून काढला. पडल्यापासून मी तो घातला नव्हता. नवऱ्याचं ढगळ जाकीट वापरत होते. प्लास्टरचा हात तिने हळूहळू बाहीतून बाहेर काढला आणि खालून वर एकेक बटण लावलं, शाळेत पाठवताना लावायची तसं. दाराजवळच्या बोळात अंधार होता. मी समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

दार उघडलं तर शेजारच्या बाई खिडकीत. त्यांनी हाताने थांबा म्हणून सांगितलं आणि दोन जोड मोजे घेऊन आल्या. एक राखाडी, एक नाताळचा, त्यावर लाल हरणं. आईला इंग्रजी वाचता येतं, बोलायला ती लाजते. त्यांनी खाली बोट दाखवलं, आई पायरीवर बसली, आणि त्या ऐंशी उलटलेल्या बाईंनी वाकून आईच्या बुटांवर मोजे चढवले. हरणांचे. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच बोलणं झालं.

मग आम्ही निघालो. रस्ता आरशासारखा होता. गाड्या बंद, माणसं नाहीत, प्रत्येक कुंपणाच्या फांदीला काचेचं आवरण. पाय ठेवला की कुठेतरी बारीक करकर वाजायचं. आई पुढे, मी मागे. खरं तर मी तिला धरायला हवं होतं. पण ती वळून म्हणाली, "माझा हात धरायचा नाही. एक पडली तर दोघी पडू. मी जिथे पाय ठेवते तिथे ठेव."

पांढरी साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायांत लाल हरणं, दोन्ही हात अंगापासून जरा लांब, मोकळे. ती गवताच्या कडेने चालली, जिथे बर्फाला खडबड होती. फरशी आली की थांबायची, बुटाच्या टोकाने चाचपायची, मग वजन द्यायची. उताराला तिने सरळ न उतरता तिरपी वाट काढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्या पाठीकडे बघत मी चालत होते. ही बाई कधीकाळी घडा घेऊन वाट बघत उभी राहायची, आणि आता त्याच पाण्यावरून, ते दगड झालेलं असताना, ती मला घेऊन चालली होती. माझ्या अंगावर काटा आला. तो थंडीने नव्हता. असं वाटलं की इतकी वर्षं मी हिला नुसतं सांभाळायची गोष्ट समजत होते, आणि हिची मला ओळखच नव्हती. बसस्टॉपला पोचायला पस्तीस मिनिटं लागली. आम्ही एकदाही पडलो नाही.

हॉल गरम होता. फोटोसमोर मेणबत्त्या, पांढरे कपडे घातलेली माणसं, दारात बुटांची रास. सगळ्यांनी आईचे हरणांचे मोजे पाहिले, आणि आयोजकांपैकी एक काका म्हणाले, "अहो ताई, चालत आलात? या बर्फात?" आई म्हणाली, "तिथे रांगेत पाच तास उभी राहते. हे काय विशेष?"

त्रिसरण-पंचशील झालं. फुलं वाहायच्या रांगेत उभं असताना मला उकडायला लागलं. आईने माझ्या कोटाची बटणं काढायला घेतली. ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात मी खाली पाहिलं. चारही बटणं होती. तिसरं पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. काळ्या कोटावर पांढरा दोरा. आई साडीला फॉल लावायला आणते तो.

"हे बटण कुठे सापडलं?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर कळलं.

"पायरीवर," आई म्हणाली. "बर्फात."

रांग एक पाऊल पुढे सरकली. आम्हीही सरकलो.

"तू फोन ठेवलास आणि मी दार उघडलं. कुणीतरी जाडं मीठ टाकलेलं. बर्फ बारीक तडतडत होता. मधोमध तुझं बटण. निघेना. मग मी तिथेच उभी राहिले, ते सुटेपर्यंत."

"किती वेळ?"

"सुटेपर्यंत."

मी बटणावर अंगठा फिरवला. "मला वाटलं, तुला कळलं तर तू पाणी टाकायचं बंद करशील."

"केलंच की बंद." तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली होती. पनवेलच्या शाळेतली पोरं ज्या नजरेला घाबरायची, ती नजर. "मला सांगितलं असतंस तर मी काय मेले असते का? माझ्या पाण्याने माझ्या लेकीचा हात मोडला, आणि लेक माझ्यापासूनच लपवते. मी काय तुला इतकी कच्ची वाटले?"

"नाही."

"मग?"

 मी रडायला लागले, आणि रांगेत रडणारी त्या दिवशी मी एकटीच नव्हते, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. आमची पाळी आली. आईने माझ्या डाव्या हातात फूल दिलं, माझ्या कोपराला आधार दिला, आणि आम्ही दोघींनी ते एकत्र वाहिलं.

जानेवारीत प्लास्टर निघालं. एका सकाळी उठून मी फोन पाहिला: आठ डिग्री, रात्री पाच. मनगटात अजून जोर नव्हता, म्हणून डाव्या हाताने बादली अर्धीच भरली आणि ओढत दारापर्यंत नेली. खराटा बाजूला ठेवला. मग आईला हाक मारली.

"आई, आज आठ आहे. रात्रीही गोठणार नाही."

ती आली. बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अर्धीच?"

"दुसरी तू भर."

तिने पाणी ओतलं. ते पहिल्या पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून वाटेवर पसरत गेलं आणि शेजारच्या बाईंच्या कुंपणापर्यंत पोचलं. त्या खिडकीतून बघत होत्या. त्यांनी हात हलवला. आईने खराट्याने पाणी झाडून काढलं. मला वाटलं झालं. पण ती आत गेली, जुना टॉवेल घेऊन आली, आणि गुडघे टेकून खाली बसली. ज्या गुडघ्यांत थंडी शिरली होती, तेच.

"अगं, आज गरज नाही, मी सांगितलं ना," मी म्हणाले.

"तू घसरलीस त्या पायरीवर मी पाण्याचा थेंब ठेवणार नाही," ती म्हणाली, आणि टाइल न टाइल कोरडी पुसत राहिली.